मिट मिटतो का?

गेल्या वर्षी मार्चमध्ये, रस्त्याच्या कडेला लोटून ठेवलेला बर्फ अजून पुरता वितळला नव्हता तेव्हा, माझी नऊ वर्षांची लेक सॉफ्टबॉलच्या पहिल्या सरावाहून घरी आली आणि पायांतले बूट काढण्याआधीच तिने जाहीर केले की या हंगामात ती कॅचर, म्हणजे फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणारी खेळाडू, होणार आहे. कारण विचारले तेव्हा तिने खेळाबद्दल चकार शब्द काढला नाही. कॅचरला शिरस्त्राण, छातीवरचे कवच आणि पायांवरच्या ढाली असे सगळे घालायला मिळते आणि त्यामुळे ती चिलखत घातलेल्या सैनिकासारखी दिसते, एवढे एकच कारण तिच्याजवळ होते, आणि नऊ वर्षांच्या मुलीला ते पुरेसे होते.

आम्ही शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिलमध्ये राहतो. शिरस्त्राण वगैरे साहित्य संघाकडून मिळणार होते. मिट, म्हणजे कॅचरचा झेल घ्यायचा गादीदार ग्लोव्ह, मात्र ज्याचा त्याने आणायचा होता. त्या एका वस्तूसाठी मी पुढचे पाच-सहा आठवडे जी वणवण केली, जे पैसे वाया घालवले आणि त्यातून जे शिकले, ते इथे लिहून ठेवते आहे, कारण यंदा ओळखीच्या दोन मराठी घरांतून हाच प्रश्न मला विचारला गेला आहे आणि फोनवर तेच ते सांगून माझाच घसा बसला आहे.

मी स्वतः जळगावला शाळेत असताना सॉफ्टबॉल खेळले आहे, त्यामुळे हे काम सोपे जाईल असा माझा समज होता. महाराष्ट्रात हा खेळ बहुतेकांना शालेय स्पर्धांमुळेच माहीत असतो. आमच्या वेळी ग्लोव्ह शाळेचे असत आणि ते क्रीडाशिक्षकांच्या कपाटात कुलपात असत. कॅचरचा मिट तर एकच होता, तोही वापरून वापरून काळाकुट्ट झालेला, आणि ज्या मुलीच्या हातात तो नीट बसे ती आपोआप कॅचर ठरत असे. हातासाठी मिट निवडायचा नसून मिटसाठी हात निवडायचा, अशी ती पद्धत होती. त्यामुळे दुकानात उभे राहून, भिंतीवर टांगलेल्या तीस-चाळीस मिटांमधून एक उचलायची वेळ आली तेव्हा माझा सगळा पूर्वानुभव निरुपयोगी ठरला.

आधी चेंडूविषयी सांगायला हवे, कारण मिटचे सगळे गणित चेंडूवर अवलंबून आहे. खेळाच्या नावातल्या ‘सॉफ्ट’ या शब्दावर कोणी विसंबू नये. इथे दहा वर्षांखालील मुलींच्या गटात ११ इंच परिघाचा, म्हणजे सुमारे २८ सेंटिमीटरचा चेंडू वापरतात आणि त्याचे वजन १७० ग्रॅमच्या आसपास असते. त्यापुढच्या गटांत १२ इंची, म्हणजे साधारण ३०.५ सेंटिमीटर परिघाचा आणि १७८ ते १९८ ग्रॅम वजनाचा चेंडू येतो. पुरुषांच्या क्रिकेटचा चेंडू २२.४ ते २२.९ सेंटिमीटर परिघाचा आणि १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे कळेल की नऊ वर्षांच्या मुलीच्या दिशेने येणारा हा गोळा क्रिकेटच्या चेंडूहून बराच मोठा तर आहेच, शिवाय किंचित जडही आहे. दहा वर्षांखालील गटात पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी मुलगी, ३५ फुटांवरून चेंडू टाकते. तो ताशी ४० मैलांच्या वेगाने आला तर होम प्लेटपर्यंत, म्हणजे फलंदाज उभी असते त्या जागेपर्यंत, पोहोचायला त्याला सुमारे ०.६ सेकंद लागतात. तेवढ्यात कॅचरने चेंडू पाहायचा, मिट तिथे न्यायचा आणि चेंडू आत आल्यावर मिट बंद करायचा. या तीन कामांपैकी शेवटच्या कामाकडे आपले दुर्लक्ष होते, आणि माझी चूक नेमकी तिथेच झाली.

थोडे विषयांतर करते, कारण शिकागोत राहून ते टाळणे बरे नव्हे. सॉफ्टबॉलचा जन्म याच शहरात, १८८७ साली थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, फॅरागट बोट क्लबमध्ये झाला. जॉर्ज हॅन्कॉक नावाच्या गृहस्थाने मुष्टियुद्धाचा एक ग्लोव्ह दोरीने आवळून त्याचा चेंडू केला आणि मंडळी बंद दालनात तो काठीने टोलवू लागली. म्हणजे ज्या खेळासाठी मी ग्लोव्हच्या शोधात फिरत होते, त्या खेळाचा पहिला चेंडूच मुळी एक ग्लोव्ह होता. शिकागोत अजूनही १६ इंची चेंडूचा एक सॉफ्टबॉल खेळला जातो आणि तो परंपरेने उघड्या हातांनी खेळतात. आमच्या शेजारचे एक वयोवृद्ध गृहस्थ तरुणपणी तो खेळत. मी मिट शोधते आहे हे कळल्यावर त्यांनी आपली उजव्या हाताची वाकडी झालेली दोन बोटे मला अभिमानाने दाखवली आणि हल्लीच्या मुलांचे फार लाड होतात असे मत दिले.

आता मिट. मैदानावरच्या इतर खेळाडूंच्या ग्लोव्हला पाच बोटे वेगवेगळी दिसतात. मिटला तशी बोटे दिसत नाहीत. अंगठा एका बाजूला आणि उरलेली चार बोटे एकाच जाड, गादीसारख्या भागात, असा तो असतो. वारंवार वेगाने येणारा चेंडू झेलून तळवा सुजू नये म्हणून त्याच्या कडेने आणि तळव्याला भरपूर भरण घातलेले असते. यष्टिरक्षकाच्या ग्लोव्ह्जशी त्याची तुलना करण्याचा मोह होतो, पण यष्टिरक्षकाच्या दोन्ही हातांत ग्लोव्ह्ज असतात आणि झेल दोन्ही हातांनी घेता येतो, तर कॅचरचा मिट एकाच हातात असतो. दुसरा हात चेंडू फेकण्यासाठी मोकळा ठेवावा लागतो आणि चेंडू येत असताना तो पाठीमागे किंवा पायामागे लपवून ठेवायला शिकवतात, म्हणजे फटक्याला चाटून वळलेला चेंडू त्या बोटांवर आदळत नाही. त्यामुळे झेल पूर्ण करण्याची सगळी जबाबदारी एका हाताच्या पकडीवर येते.

मापाच्या बाबतीत एक गोंधळ आधीच दूर करायला हवा. साधा ग्लोव्ह बोटाच्या टोकापासून मनगटाजवळच्या टाचेपर्यंत लांबीने मोजतात, म्हणून तो ११ किंवा १२ इंची असतो. कॅचरचा मिट मात्र सगळ्या कडेने, परिघाने मोजतात, म्हणून त्यावर ३२, ३३, ३४ असे आकडे दिसतात. मी हे आकडे जळगावला फोनवर सांगितले तेव्हा माझे वडील म्हणाले, “चौतीस इंच? अगं, मिट आणतेस की परात?” परातीची उपमा तशी वाईट नव्हती. मोठ्या मुली आणि स्त्रिया सॉफ्टबॉलसाठी सहसा ३३ ते ३५ इंची मिट वापरतात. लहान मुलांसाठी साधारण ३०पासून ३२.५ इंचांपर्यंतचे मिट मिळतात.

त्याच फोनमध्ये वडिलांनी मला तो सल्ला दिला, जो आपल्याकडे प्रत्येक गणवेशाच्या, प्रत्येक बुटाच्या आणि प्रत्येक सायकलच्या खरेदीत पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला आहे: “थोडा मोठाच घे, वाढत्या अंगाचा.” मी स्वतः वाढत्या अंगाच्या स्कर्टांत आणि कापूस कोंबलेल्या बुटांत मोठी झाले असल्याने मला त्यात वावगे काही वाटले नाही. दुकानातल्या तरुण विक्रेत्यानेही मान डोलावली आणि मोठ्या मिटमध्ये चेंडू झेलणे सोपे जाते, असे सांगितले. मी ३४ इंची, संपूर्ण चामड्याचा, दिसायला अतिशय देखणा मिट घेऊन घरी आले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचे वजन पाऊण किलोच्या जवळपास भरले. लेकीने तो हातात घातला, दोन मिनिटे आरशासमोर उभी राहिली आणि तिचा हात हळूहळू खाली आला.

पुढचे तीन आठवडे तिने तो मिट वापरला आणि त्या तीन आठवड्यांत तिची खेळातली सगळी हौस जवळपास संपली. चेंडू मिटमध्ये बरोबर जात होता. नजर चांगली असल्याने ती मिट योग्य जागी नेत होती. पण आत गेलेला चेंडू भिंतीवर आपटल्यासारखा उसळून बाहेर येत होता. मग ती दुसऱ्या हाताने तो दाबून धरू लागली, त्यात एकदा अंगठ्याला मार बसला, आणि त्यानंतर चेंडू आला की डोळे मिटून मान फिरवण्याची सवय लागली. मी आईपणाच्या उत्साहाने तिला ‘लक्ष दे’, ‘घाबरू नकोस’ असे सांगत राहिले. त्यातले एकही वाक्य उपयोगाचे नव्हते, कारण दोष तिच्यात नव्हताच.

तिच्या प्रशिक्षक बाईंनी एका सरावानंतर मला थांबवून घेतले आणि साधी परीक्षा करून दाखवली. त्यांनी मिट लेकीच्या हातात घालायला लावला, तळवा वर करायला सांगितला, मधल्या खोलगट भागात चेंडू ठेवला आणि म्हणाल्या, आता हा मिट एकाच हाताने बंद करून उलटा कर. लेकीने दात-ओठ खाल्ले, मनगट थरथरले, मिटच्या दोन्ही कडा जेमतेम बोटभर जवळ आल्या आणि हात उलटा करताच चेंडू तिच्या पायावर पडला. बाईंनी तीन वेळा तसे करायला लावले आणि तिन्ही वेळा तेच झाले. घरी येताना गाडीत मागच्या आसनावरून लेक वैतागून म्हणाली, “आई, हा मिट मिटतच नाही!” तिला आपण कोटी केली आहे याची कल्पनाही नव्हती. मी मात्र सिग्नलला गाडी थांबवून हसले, आणि मग हसू ओसरल्यावर लक्षात आले की मिट निवडण्याची सगळी कसोटी या एका वाक्यात आली आहे.

मिट का मिटत नाही, हे समजून घेण्यासाठी अडकित्ता आठवावा. अडकित्त्याच्या दांड्या टोकाशी धरल्या तर टणक सुपारीही फुटते. खिळीजवळ धरल्या तर कितीही जोर लावला तरी फुटत नाही. मोठ्या माणसाची बोटे मिटमध्ये वरपर्यंत पोहोचतात, म्हणून थोड्या जोरात तो मिटतो. लहान मुलीची बोटे अर्ध्यावरच संपतात, म्हणजे ती अडकित्ता खिळीजवळ धरून सुपारी फोडत असते, आणि त्यातून सुपारीही नवीन, कडक असते. शिवाय मिट कुठे दुमडतो हेही महत्त्वाचे आहे. अंगठ्याच्या मुळाशी आणि करंगळीच्या बाजूला, टाचेजवळ, चामडे दुमडण्याच्या जागा असतात. मोठ्यांच्या मिटमध्ये तिथे जाड भरण असते, तर मुलांसाठी बनवलेल्या चांगल्या मिटमध्ये ती टाच मुद्दाम मऊ ठेवलेली किंवा तिथे खाच दिलेली असते. मिझुनो या जपानी कंपनीच्या मुलांसाठीच्या मिटांमध्ये ‘पॉवरक्लोज’ या नावाने हीच सोय असते; इतर कंपन्याही आपापल्या नावांनी तसेच काही करतात. नाव काहीही असो, मूल ते बंद करू शकते का, एवढेच पाहावे.

मग आम्ही दुसऱ्यांदा दुकानात गेलो, या वेळी ११ इंची चेंडू पिशवीत घेऊन. हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगते: ज्या चेंडूने मूल खेळणार आहे तोच चेंडू बरोबर न्यावा. बेसबॉलचे मिट सॉफ्टबॉलच्या मिटांच्या शेजारीच टांगलेले असतात, दिसायला सारखे असतात आणि पुष्कळदा स्वस्तही असतात. पण बेसबॉलचा चेंडू ९ इंच परिघाचा, म्हणजे व्यासाने साधारण ७.३ सेंटिमीटर असतो, आणि त्या मिटमधला खळगा, ज्याला इथे ‘पॉकेट’ म्हणतात, त्या मानाने लहान आणि बंदिस्त असतो. ११ इंची सॉफ्टबॉलचा व्यास ८.९ सेंटिमीटरच्या आसपास भरतो, १२ इंचीचा ९.७. हा चेंडू बेसबॉलच्या मिटमध्ये गेला तर वाटीत मोसंबे ठेवल्यासारखा अर्धा वर राहतो. सॉफ्टबॉलच्या मिटचे पॉकेट खोल आणि रुंद असते आणि अंगठा व तर्जनी यांच्यामधली जाळीही लांब असते. चेंडू आत टाकून बघितला की फरक लगेच दिसतो.

कोणत्या हाताचा मिट घ्यायचा, यात मी स्वतः चुकले नाही, पण आमच्या संघातल्या एका घरी संगणकावरून मागवलेला मिट उलटा निघाला. मिटवर ‘राइट हँड थ्रो’ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ फेकणारा हात उजवा, म्हणजे मिट डाव्या हातात जाणार. उजवा हा शब्द वाचून तो उजव्या हातात घालायचा समजू नये. डावखुऱ्या मुलींसाठीही मिट मिळतात, पण लहान मापांत पर्याय फार थोडे असतात. त्यांच्या पालकांनी हंगाम सुरू होण्याच्या बरेच आधी शोधायला लागावे.

त्या दिवशी लेकीने सात मिट हातात घालून पाहिले. प्रत्येक वेळी तीच परीक्षा: चेंडू आत, मिट बंद, हात उलटा. विक्रेत्याने, या वेळी तो दुसरा होता, नवा मिट दुकानात पूर्ण मिटणार नाही, तो वापराने मऊ होतो असे सांगितले आणि ते खरेच आहे. पण पूर्ण मिटणे वेगळे आणि मिटायला सुरुवात तरी होणे वेगळे. माझा अंदाज असा झाला आहे की कोऱ्या मिटच्या कडा मुलाच्या एकट्या हाताने अर्ध्याहून जवळ येत असतील तर पुढचे काम सराव करतो. तेवढ्याही येत नसतील तर सराव होण्याआधीच मूल थकते. याशिवाय मनगटाची पट्टी शेवटच्या भोकापर्यंत आवळल्यावर मिट हातातून निसटत नाही ना, हात समोर ताणून मिनिटभर धरता येतो ना, एवढे बघितले. शेवटी ३२ इंची मिट घेतला. त्याच्या तळव्याला चामडे होते आणि पाठीला हलके कृत्रिम कापड. तो तिच्या हातात कोणतीही कसरत न करता अर्ध्याहून अधिक मिटला, आणि त्याची किंमत माझ्या पहिल्या, देखण्या चुकीच्या निम्म्याहून कमी होती.

चामड्याबद्दल लोक फार भावुक होतात. जाड, अस्सल, संपूर्ण चामड्याचा मिट वर्षानुवर्षे टिकतो, त्याचा आकार टिकतो, त्याच्या वाद्या बदलून तो पुन्हा वापरता येतो, हे सर्व खरे आहे, आणि म्हणूनच त्याची किंमत २०० डॉलरांच्या वर जाते. पण ज्या मुलीचा हात दोन वर्षांत वाढणार आहे आणि जिला पुढच्या हंगामात कॅचर व्हायचे आहे की चित्रकलेच्या वर्गाला जायचे आहे हे अजून ठरलेले नाही, तिच्यासाठी टिकाऊपणा हा पहिला गुण नव्हे. तिच्यासाठी मऊपणा पहिला, वजन दुसरे, आणि टिकाऊपणा कुठेतरी पाचवा-सहावा. त्याचबरोबर अगदी खेळणेवजा, संपूर्ण प्लास्टिकसारख्या कापडाचा मिटही घेऊ नये, कारण तो मिटतो खरा, पण तळव्याला भरण नसल्याने दुसऱ्याच दिवशी हात लाल होतो आणि मूल चेंडूला भिऊ लागते. ६० ते १०० डॉलरांच्या पट्ट्यात काम भागते, असा माझा अनुभव आहे.

वापरलेला मिट हा त्याहूनही चांगला मार्ग आहे, आणि आपल्या लोकांना तो का आवडत नाही हे मला कळत नाही. थोरल्या भावाचा सदरा धाकट्याने घालायचा या रीतीत आपण वाढलेलो आहोत. दुसऱ्या कोणाच्या मुलीने दोन हंगाम झेल घेऊन घेऊन मऊ केलेला मिट म्हणजे तयार दुमडण घातलेला मिट. फक्त काही गोष्टी तपासाव्यात. चामड्याच्या वाद्या वाळून तडकलेल्या नसाव्यात, कारण जाळीची वादी तुटली तर चेंडू थेट तोंडाच्या जाळीवर येतो. आत हात घालून तळव्याचे भरण एका बाजूला सरकून मध्ये पोकळी झालेली नाही ना, हे चाचपावे. आणि वास घ्यावा. तळघरात भिजत पडलेल्या चामड्याचा कुबट वास कशानेही जात नाही.

याही आधीचा एक प्रश्न आहे, जो मला कोणी विचारला असता तर बरे झाले असते: मुलाला मिट हवाच आहे का? सात-आठ वर्षांच्या गटात पुष्कळ ठिकाणी प्रशिक्षक किंवा यंत्र चेंडू टाकते. तो हळू येतो, आणि कॅचरचे मुख्य काम झेल घेणे हे नसून मागे गेलेला चेंडू धावत जाऊन आणणे हे असते. लोळत जाणारा चेंडू उचलायला मिटसारखी गैरसोयीची वस्तू दुसरी नाही; त्यासाठी बोटे वेगळी असलेला साधा ११ इंची ग्लोव्ह उत्तम. मुली स्वतः चेंडू टाकू लागल्या, वेग वाढला आणि एका सामन्यात दोन-तीनपेक्षा जास्त डाव तीच मुलगी प्लेटमागे बसू लागली की मिट घेण्यात अर्थ आहे. आपल्या लीगमध्ये कॅचरला मिट सक्तीचा आहे का, हे मात्र खरेदीआधी विचारून घ्यावे, कारण नियम सगळीकडे सारखे नाहीत.

रंगाबद्दल दोनच वाक्ये. लेकीला गुलाबी वाद्यांचा मिट हवा होता आणि मिटण्याच्या कसोटीत तो उतरला नाही म्हणून मी घेतला नाही. पुढे आम्ही वीसेक डॉलर मोजून तपकिरी मिटच्या सगळ्या वाद्या गुलाबी करून घेतल्या आणि घरात शांतता नांदली.

घरी आणल्यावर मिट मऊ करण्याचे काम उरते, आणि ज्याने नवी कोल्हापुरी पायात घातली आहे त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. चप्पल आधी चावते, मग तेल-पाणी आणि चालणे यांनी पायाची होते. मिटही तसाच हाताचा होतो, फक्त तेलाचा हात इथे फार आखडता ठेवावा लागतो. चामड्यासाठीचे मलम कापडाला बोटभर लावून दुमडण्याच्या जागी आणि पॉकेटमध्ये एकदाच पातळ पुसले, तेवढे पुरले. तेल जास्त झाले तर चामडे ते पीत राहते, मिट जड होतो आणि कडा लोंबू लागतात. त्यानंतर रोज संध्याकाळी जुना चेंडू मोज्यात घालून, मोज्याचे तोंड हातात धरून, आम्ही पॉकेटवर दणादण आपटत असू. पहिल्या मजल्यावरून बाबांची तक्रार येईपर्यंत हे चाले. रात्री चेंडू पॉकेटमध्ये ठेवून, मिट ज्या रेषेत मिटायला हवा त्याच रेषेत दुमडून, भोवती जुना पट्टा बांधून ठेवत असू. चुकीच्या रेषेत पडलेली घडी पुन्हा निघत नाही, म्हणून पहिल्या दिवशी हे मोठ्या माणसाने करावे. मिट पाण्यात भिजवणे, भट्टीत किंवा मायक्रोवेव्हमध्ये गरम करणे, त्यावरून गाडी नेणे असे उपाय लोक हौसेने सांगतात. त्यांनी चामडे बिघडते, वाद्या ठिसूळ होतात, भरण चेपते. त्यातला एकही करू नये. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत मिट ठेवणे हाही त्याच जातीचा प्रकार आहे.

या सगळ्यापेक्षा जास्त काम मात्र अंगणातल्या झेलांनी केले. रोज पंधरा मिनिटे, १५ फुटांवरून, अगदी हळू. सुरुवातीला मी खरा चेंडू न वापरता मऊ, हलका चेंडू घेतला, कारण डोळे मिटण्याची सवय आधी मोडायची होती. चेंडू तळव्यावर न घेता अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या पॉकेटमध्ये घ्यायचा, हे तिला ‘टप्प’ आणि ‘चट्ट’ या दोन आवाजांवरून कळले: पॉकेटमध्ये गेला तर भरदार टप्प, तळव्यावर बसला तर चट्ट आणि पाठोपाठ ‘आई गं’. पुष्कळ कॅचर तर्जनी मिटच्या पाठीवरच्या फटीतून बाहेर ठेवतात, म्हणजे त्या बोटाच्या मुळाशी धक्का कमी बसतो. काही मुलींना ते जमते, काहींची पकड त्याने कमी होते. आमच्या घरी दोन्ही करून पाहिले आणि तर्जनी आतच राहिली.

तीन आठवड्यांनी, मे महिन्याच्या सुरुवातीला, तिने जेवणाच्या टेबलाशी मिट हातात घातला, आत चेंडू ठेवला, मिटला आणि हात उलटा करून दहापर्यंत मोजले. चेंडू पडला नाही. मग जळगावला फोन लावून आजोबांना तेच पुन्हा करून दाखवले. आजोबांनी चष्मा वर करून पाहिले आणि विचारले, “आणि ती परात कुठे गेली?” परात माझ्या कपाटात आहे. तिच्यावर पाच वर्षांनंतरची तारीख चिकटवून ठेवली आहे.

यंदा लेक बारा वर्षांखालील गटात सरावाला जाऊ लागली आहे. तिथे अंतर ४० फूट आणि चेंडू १२ इंची. गेल्या रविवारी आम्ही नवा चेंडू तिच्या ३२ इंची मिटमध्ये घालून पाहिला. मिट मिटतो, पण चेंडूचा वरचा काठ पॉकेटबाहेर बोटभर दिसतो. शरद ऋतूपर्यंत हाच चालेल, मग ३३ इंची शोधायला लागू, असे ठरले आहे. तोपर्यंत १२ इंची चेंडू आत घालून, तोच जुना पट्टा एका भोकाने सैल बांधून, मिट तिच्या पलंगाखाली ठेवलेला आहे.